तालीम, रंगीत तालीम आणि तो कंटाळवाणा कोर्स

‘ट्रेनिंग’ला मराठी शब्द काय, असा प्रश्न कोल्हापूरकराला कधी पडत नाही. तो शब्द गल्लोगल्ली पाटीवर लिहिलेला असतो - तालीम. मूळ अरबी, अर्थ शिकवणं. इल्म, आलिम ही त्याच घराण्यातली भावंडं. मराठीत येऊन या शब्दाने बराच संसार मांडला. कुस्ती-कसरत शिकायची जागा म्हणजे तालीम, नाटकाचा सराव म्हणजेही तालीम, आणि पूर्ण वेशभूषेसकट, दिवे लावून, प्रेक्षक आहेत असं समजून केलेला सराव म्हणजे रंगीत तालीम. शिवाजी पेठेत याला आणखी एक अर्थ आहे: गल्लीचं सरकार! निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून उभ्या मारुतीकडे चालत निघालात तर डावी-उजवीकडे कुठल्या ना कुठल्या तालमीची हद्द लागतेच. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, भांडण मिटवायचं तर तिच्याच कट्ट्यावर. (पाटाकडील की खंडोबा, या फुटबॉलच्या प्रश्नावर मी इथे काहीही लिहिणार नाही. मला पेठेत परत जायचं असतं :-) )

आज तालमीची आठवण काढायचं कारण मात्र पार वेगळं आहे. वर्षातून एकदा आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्सात एक मेल येते. विषय असतो ‘मँडेटरी सायबर सिक्युरिटी अवेअरनेस ट्रेनिंग’. चाळीस स्लाइड्स. मागे एक बाई अत्यंत शांत आवाजात पासवर्डविषयी बोलत असते. तिचं बोलून होईपर्यंत ‘नेक्स्ट’ बटण चालत नाही, म्हणून आपण ती खिडकी बाजूच्या स्क्रीनवर टाकतो आणि इकडे कोड लिहीत बसतो. शेवटी दहा प्रश्न. ‘तुमचा पासवर्ड तुम्ही कोणाला सांगाल? अ) साहेबांना, ब) बायकोला, क) बँकेतून फोन करणाऱ्या माणसाला, ड) यांपैकी कोणालाही नाही.’ शंभर टक्के मार्क, सर्टिफिकेट, पीडीएफ, संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा.

आता यावर उपाय म्हणून ‘गेमिफिकेशन’ आलंय. म्हणजे त्याच चाळीस स्लाइड्स, पण प्रत्येक स्लाइडला गुण, दहा स्लाइड्सना एक बिल्ला आणि ऑफिसच्या पोर्टलवर कोण पुढे कोण मागे याचा तक्ता. खेळातून शिक्षण!

खेळातून स्वतःचा बचाव शिकवता येतो का, हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो. फक्त त्याचं उत्तर शोधायला कॅलिफोर्नियाला जायच्या आधी शिवाजी पेठेत एक चक्कर मारावी असं माझं म्हणणं. तिथे हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालू आहे. त्याला म्हणतात मर्दानी खेळ.

मर्दानी खेळ म्हणजे लाठी, पट्टा, भाला, विटा, फरीगदगा वगैरे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा गणपतीत तुम्ही ते पाहिले असतीलच. (नाव मर्दानी असलं तरी आज शिकणाऱ्यांत मुलीही भरपूर असतात आणि पट्टा फिरवताना त्या नावाची फिकीर करताना दिसत नाहीत.) यातला ‘खेळ’ हा शब्द नीट बघा. ही सगळी युद्धाची हत्यारं. मग युद्धकला न म्हणता खेळ का म्हणायचं?

माझा अंदाज असा की यात कोल्हापूरच्या १९व्या शतकाचा बराच हात आहे. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचं बंड झालं. गडकरी म्हणजे किल्ल्यावर पिढीजात राहून किल्ला राखणारी माणसं. त्या बदल्यात त्यांना जमिनी असत. इंग्रजांच्या पाठिंब्याने कारभार पाहणाऱ्या दाजी कृष्ण पंडितांनी या जुन्या व्यवस्थेत हात घातला आणि सामानगडावर ठिणगी पडली. ती भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत गेली. साताऱ्याचा इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हन्स याला बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर कोंडूनही ठेवलं होतं. डिसेंबर १८४४मध्ये इंग्रजांनी पन्हाळा घेतला. मग पुढचं काम त्यांनी अगदी पद्धतशीर केलं: किल्ल्यांची तटबंदी पाडली आणि गडकऱ्यांच्या पिढीजात शिबंद्या मोडून टाकल्या. १८५७च्या जुलैअखेर कोल्हापुरातल्या २७व्या पलटणीने उठाव केला, तोही चिरडला गेला आणि राजघराण्यातल्या चिमासाहेबांना थेट कराचीला नेऊन ठेवण्यात आलं.

आता अशा गावात ज्याच्या हातात पट्टा आहे त्याने काय करायचं? नोकरी गेली, किल्ला गेला. हातातलं कसब मात्र असं एका हुकमाने जात नाही. ते गल्लीत आलं, तालमीत आलं आणि ‘खेळ’ या नावाखाली राहिलं. खेळाला कोणाची हरकत असणार? पुढे शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) तालमींना राजाश्रय मिळाला. कुस्तीचं खासबाग मैदान त्यांचंच. मर्दानी खेळाची कागदोपत्री सलग वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नाही, त्यामुळे १८४४चा गडकरी आणि आजचा पेठेतला वस्ताद यांच्यात मी सरळ रेघ ओढणार नाही. पण लढाई बंद पडलेल्या गावात लढाईचं शिक्षण टिकलं आणि ते खेळ म्हणून टिकलं, एवढं तर समोर दिसतंय.

असो. आपल्याला हवा आहे तो या खेळाचा आतला मेकॅनिझम. त्यासाठी मिरवणुकीत सगळ्यात कमी टाळ्या मिळवणारा प्रकार बघायला हवा. तो म्हणजे फरीगदगा.

पट्टा दिसायला भारी. लांब, लवचिक, दुधारी पातं. मूठ अशी की कोपरापर्यंत हात लोखंडात झाकला जातो, मनगट वळवताच येत नाही, सगळं फिरवणं खांद्यातून. २०२४मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेही योग्यच. पण पट्ट्याने दोन पोरांना एकमेकांशी लढवून शिकवता येत नाही. दुसऱ्या दिवशी एकच पोरगा उरेल. म्हणून गदगा. तलवारीच्या जागी एक छडी, वरून कातडं मढवलेलं. ढालीच्या जागी फरी, म्हणजे छोटी हलकी ढाल. वार खरा, चाल खरी, पवित्रा खरा. फक्त धार काढून घेतलेली. भाल्याचीही अशीच एक आवृत्ती होती, बोथाटी. टोक बोथट केलेला भाला. नावातच काय ते आलं.

म्हणजे बघा, या माणसांनी शिकवण्यासाठी हत्याराची एक वेगळी आवृत्ती बनवली. आपल्या भाषेत, प्रॉडक्शनवर प्रयोग नको म्हणून टेस्ट एन्व्हायर्नमेंट उभं केलं. आणि त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एक गोष्ट मुद्दाम शिल्लक ठेवली: लागतं. कातड्याची छडी मांडीवर बसली की चांगलीच झणझणते. वळ उठतो. तो वळ म्हणजेच धडा. पवित्रा कुठे मोडला, फरी कुठे खाली आली हे पोराला त्या क्षणी कळतं, सांगावं लागत नाही. वस्ताद फार तर म्हणतो, ‘पाय बघ की रं जरा.’ आणि पुन्हा उभं करतो.

इथे आणखी एक गोष्ट आहे जी मला सर्वात महत्त्वाची वाटते. लागलं म्हणून तालमीत कोणी तुमच्या घरी पत्र पाठवत नाही. मार खाणं हा गुन्हा नसतो. तो तिथे यायचा उद्देशच असतो. उलट लागलं असून लपवलं, तर वस्ताद चिडतो, कारण त्याला चूक दिसली नाही तर तो दुरुस्त कशी करणार?

धार काढून घ्या, पण लागू द्या, आणि लागल्याची शिक्षा करू नका. हे तीन नियम डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हे फक्त आपल्याकडेच सुचलं असं काही नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने १८२४ साली वरिष्ठांपुढे एक खेळ मांडला, ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ. खऱ्या प्रदेशाचा मोठ्या प्रमाणातला नकाशा, त्यावर सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच. गंमत पंचात होती. प्रत्येक बाजूला पंच फक्त तेवढंच दाखवायचा जेवढं त्या सेनापतीला रणांगणावर खरोखर दिसलं असतं. टेकडीपलीकडे शत्रू आहे की नाही हे नकाशावर दिसत नाही, अंदाज बांधायचा, हुकूम लिहून द्यायचा आणि परिणाम भोगायचे. सेनाप्रमुख म्युफलिंगला तो इतका आवडला की त्याने तो सैन्यभर पाठवायची व्यवस्था केली. पुढे नियमांची पुस्तकं इतकी जाड झाली की अधिकारी कंटाळले. मग १८७६च्या सुमारास फेर्दी द्यु व्हेर्न्वा या दुसऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं, तक्ते फेकून द्या, अनुभवी पंचाला ठरवू द्या. म्हणजे फिरून वस्तादच!

आता परत कोल्हापुरात येऊ. साल २०१८, महिना ऑगस्ट.

कॉसमॉस बँक पुण्याची, १९०६ सालची, देशातल्या जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. शनिवार ११ ऑगस्टला दुपारनंतर जगातल्या २८ देशांत लोक एटीएमसमोर उभे राहिले आणि कॉसमॉसच्या कार्डांच्या नकला वापरून पैसे काढू लागले. सुमारे १२ हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये, आणि बहुतेक सगळं दोन-सव्वादोन तासांत. भारतातही जवळपास २,८०० व्यवहार झाले, अडीच कोटींचे. सोमवारी १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे जमलं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा मशीन थेट बँकेच्या खातेवहीला विचारत नाही. मध्ये एक ‘स्विच’ असतो. तो खातेवहीला विचारतो, ‘या माणसाकडे दहा हजार आहेत का?’ आणि उत्तर मशीनला कळवतो. चोरांनी आत शिरून एक खोटा स्विच उभा केला. तो कोणालाच काही विचारत नव्हता. कुठल्याही मशीनने विचारलं की उत्तर एकच: ‘आहेत, देऊन टाक.’ त्यामुळे ग्राहकांच्या खात्यातून पैसे वजाही झाले नाहीत. गेले ते बँकेचे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे २०१९च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला.

आणि देशातल्या ज्या गावांतल्या एटीएममधून त्या दिवशी नकली कार्डांनी नोटा बाहेर आल्या, त्यांत कोल्हापूर होतं. आपलं कोल्हापूर! प्योंगयांगमध्ये रचलेला डाव आणि पैसे मोजणारी पोरं कोल्हापुरात. पकडलेल्यांपैकी ११ जणांना २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. पण ती सगळी पैसे काढणारी, साखळीच्या शेवटच्या कडीतली माणसं.

या गोष्टीतला एक तपशील मला फार बोचतो. एफबीआयने आदल्याच दिवशी, शुक्रवारी १० ऑगस्टला, बँकांना गोपनीय इशारा पाठवला होता की येत्या काही दिवसांत जगभर एकाच वेळी एटीएममधून पैसे उपसण्याचा बेत दिसतोय. म्हणजे इशारा होता. इशारा मिळाल्यावर शनिवारी दुपारी नेमकं कोण कोणाला फोन करणार, कोणाला सगळी कार्डं एका झटक्यात बंद करायचा अधिकार आहे, तो माणूस लग्नाला गेला असेल तर दुसरा कोण? ही उत्तरं स्लाइडवर वाचून येत नाहीत.

दोन वर्षं आधी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतही हेच दिसलं होतं. तिथे सुरुवात एका साध्या मेलने झाली: नोकरीसाठी अर्ज, सोबत बायोडाटा. २०१५च्या सुरुवातीला बँकेतल्या काही जणांना तशा मेल गेल्या आणि दरवाजा उघडला. चोर वर्षभर आत बसून राहिले. फेब्रुवारी २०१६मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले. त्या शुक्रवारी सकाळी स्विफ्टच्या खोलीतला प्रिंटर चालत नव्हता, ज्यावर व्यवहारांची नोंद छापून यायची. तिथल्या लोकांना वाटलं, नेहमीसारखा बिघडला असेल. आता खरं सांगा, प्रिंटर बंद पडला म्हणून आपल्यापैकी कोणी सिक्युरिटी टीमला फोन करेल?

कॉसमॉसनंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांकडे लक्ष वळवलं. ऑक्टोबर २०१८मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ला बँकेच्या डिजिटल व्यापाप्रमाणे पायऱ्या लावलेली सविस्तर चौकट. त्यात कर्मचाऱ्यांना जागरूक करणं आलंच. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे सहकारी बँकांचं माहेर. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात किती शाखा आणि किती कर्मचारी असतील ते बघा. कॅशियर, क्लार्क, लोन ऑफिसर... आपल्यासारखी कीबोर्डवर वाढलेली माणसं नव्हेत ती. नियम आला म्हणजे ट्रेनिंग आलं. ट्रेनिंग आलं म्हणजे चाळीस स्लाइड्स आल्या. आणि स्लाइड्स आल्या की सह्या करून घेतलेला कागद आला, जो ऑडिटरला दाखवायचा.

इथे जरा आकडे बघू, कारण ‘स्लाइड्स कंटाळवाण्या असतात’ हे सगळेच म्हणतात. पण त्या निरुपयोगीही असतात का?

मोठ्या कंपन्या आता आपल्याच लोकांना खोट्या फिशिंग मेल पाठवतात. क्लिक केलं की पान उघडतं: ‘अरेरे! हे फिशिंग होतं. आता हे वाचा.’ कल्पना चांगली वाटते, रंगीत तालमीसारखी. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमधल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने, १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर हे तपासलं आणि २०२१मध्ये निष्कर्ष मांडले. क्लिक केल्यावर लगेच धडा दाखवण्याने लोक सावध झाले नाहीत. काहींच्या बाबतीत तर उलटच, जास्त बेफिकीर झाले. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांतल्या साडेएकोणीस हजार कर्मचाऱ्यांवर आठ महिने अशीच तपासणी झाली, ती २०२५मध्ये आली. ट्रेनिंग मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक? १.७ टक्के. बहुतेकांनी ते ‘अरेरे’वालं पान मिनिटभराच्या आत बंद करून टाकलं. एक बारीकशी आशा तिथेच होती: नुसतं वाचायच्या ऐवजी प्रश्नोत्तरं करत, हात चालवत जे शिकले, आणि ज्यांनी ते पूर्ण केलं, ते पुढे कमी फसले. (अर्थात पूर्ण करणारे मुळातच नीटनेटके असतील ही शंका आहेच. इंजिनिअरला शंका येणारच.)

खोट्या मेलमध्ये आणि गदग्यामध्ये फरक काय? दोन्हींतून धार काढलीये. दोन्हींत वार अचानक येतो. पण ऑफिसात तुम्हाला मारणारा समोर उभा नसतो, तो झाडामागे लपलेला असतो आणि तुमच्याच कंपनीचा असतो. डिसेंबर २०२०मध्ये गोडॅडी या अमेरिकन कंपनीने आपल्या लोकांना मेल पाठवली: सुट्टीनिमित्त ६५० डॉलर बोनस मिळणार, अमुक माहिती भरा. कोविडचं वर्ष, लोक आधीच घाईला आलेले. पाचशेच्या आसपास लोकांनी माहिती भरली. मग त्यांना कळवण्यात आलं की तुम्ही परीक्षेत नापास झालात, ट्रेनिंग पुन्हा घ्या. एवढा संताप उसळला की कंपनीला माफी मागावी लागली. आता या पाचशेंपैकी एकाने पुढच्या महिन्यात खरोखरच्या चोराच्या लिंकवर क्लिक केलं असेल तर तो सिक्युरिटी टीमला आपणहून सांगेल? मी तर नसतं सांगितलं.

आणि गाठ तिथेच आहे. चोर आत शिरल्यावर बँकेच्या हातात फक्त वेळ असतो. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या नंबरवर ताबडतोब करा असं पोलीस कानीकपाळी ओरडून सांगतात ते याचसाठी. पैसे चार खात्यांतून पुढे सरकायच्या आत अडवायचे असतात. ज्या क्लार्कने बायोडाटा उघडला आणि काहीतरी विचित्र दिसलं, त्याने दहा मिनिटांत ‘माझ्याकडून हे झालंय’ असं म्हणणं लाखमोलाचं. झुरिकच्या अभ्यासातही सगळ्यात कामाची निघाली ती हीच गोष्ट: संशयास्पद मेल कळवायचं एक सोपं बटण आणि सामान्य कर्मचाऱ्यांनी ते दाबणं. काही जण भराभर कळवत राहिले आणि नवीन हल्ले लवकर सापडले. पण जिथे लागल्याची शिक्षा होते तिथे लोक वळ लपवतात.

मग चांगला खेळ कसा असतो? दोन नमुने मला आवडतात आणि दोन्ही चक्क पत्त्यांचे आहेत.

पहिला आपल्या जमातीसाठी. २०१० साली मायक्रोसॉफ्टमध्ये अ‍ॅडम शोस्टॅकने ‘एलेव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज’ नावाचा पत्त्यांचा जोड काढला. बदाम-किलवरऐवजी सहा रंग, प्रत्येक रंग म्हणजे हल्ल्याचा एक प्रकार: सोंग घेणं, माहितीत ढवळाढवळ, केलेलं नाकारणं, गुपित फोडणं, सेवा बंद पाडणं, आणि नसलेले अधिकार बळकावणं. मध्ये टेबलावर तुमच्याच सिस्टिमची आकृती. पत्ता टाकायचा आणि तो हल्ला या आकृतीत कुठे बसतो ते सांगायचं. सांगता आलं तर गुण. एरवी डिझाइन रिव्ह्यूला तोंड न उघडणारा नवा पोरगाही हातात पत्ता आला की बोलतो, कारण तो टीम लीडला नावं ठेवत नसतो, पत्ता खेळत असतो.

दुसरा २०१९चा, ‘बॅकडोअर्स अँड ब्रीचेस’, ब्लॅक हिल्स या अमेरिकन सिक्युरिटी कंपनीचा. ५२ पत्ते. एक जण वस्ताद होतो (ते ‘इन्सिडंट कॅप्टन’ म्हणतात). तो चार पत्ते लपवून ठेवतो: चोर आत कसा शिरला, आत पुढे कसा सरकला, ठाण मांडून कसा बसला, माल बाहेर कसा नेला. बाकीच्यांना फक्त सुरुवातीची परिस्थिती कळते. मग दहा फेऱ्यांत हे चार पत्ते उघडे करायचे. हे तपासू, ते तपासू, असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. अकरा किंवा जास्त पडले तर तपास यशस्वी. कमी पडले तर फेरी वाया, कारण खऱ्या आयुष्यातही योग्य जागी बघून काही सापडत नाही असं होतंच. मध्येच वस्ताद एखादी आफत टाकतो. क्रीगश्पील आठवलं? तोच पंच, तेच धुकं, तेच फासे.

मला यातली सगळ्यात छान गोष्ट वाटते ती ही की हरणं लाजिरवाणं नाही. दहा फेऱ्यांत नाही सापडला चोर, तर वस्ताद पत्ते उलटे करतो आणि सगळे ‘च्यायला, हे तर बघायला हवं होतं’ म्हणत हसतात. हा हसणारा वळ.

पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी आणि ती पुन्हा पेठेतून शिकण्यासारखी आहे. मर्दानी खेळ आज आपल्याला दिसतात ते मुख्यतः मिरवणुकीत. जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने बरोब्बर दोन फाकांत कापलं जातं, ढोल वाजतात, टाळ्या पडतात. कमाल कौशल्य आहे ते, वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं. पण लिंबू उलटा वार करत नाही. प्रात्यक्षिक जितकं देखणं होतं तितकं समोरासमोरचं खेळणं मागे पडायची भीती असते, आणि ज्या वस्तादांना याची जाण आहे ते पोरांना आधी गदगा धरायला लावतात, पट्टा नंतर.

ऑफिसातले बिल्ले आणि गुणतक्ते मला हे लिंबासारखे वाटतात. तिथे शेकडा शंभर मार्क मिळवणारा माणूस छान दिसतो, पण त्याच्यावर कोणी वार केलेला नसतो. वर तक्त्यात नाव खाली दिसू नये म्हणून लोक काय करतात तेही आपल्याला माहीत आहे: ज्याला उत्तरं ठाऊक आहेत त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात. सिक्युरिटीच्या परीक्षेत कॉपी! आणि हॅकर लोकांचे स्वतःचे खेळ, ज्यांना ‘कॅप्चर द फ्लॅग’ म्हणतात आणि जे १९९६पासून लास वेगासच्या डेफकॉनमध्ये रंगतात, ते उत्तमच आहेत. पण ते पहिलवानांचे आखाडे. तिथे लोन ऑफिसरला नेऊन उभं करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा एखाद्या सहकारी बँकेच्या शाखेत महिन्यातून एका शनिवारी कामकाज आटोपल्यावर अर्धा तास बसता येईल. सात-आठ माणसं, चहा, एक फासा. पत्ते विकत घ्यायची गरज नाही, जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे लिहिता येतात. वस्ताद म्हणून आयटीवाल्यालाच बसवलं पाहिजे असंही नाही. तीस वर्षं नोकरी झालेला हेड कॅशियर हे काम जास्त चांगलं करेल, कारण माणसं कशी फसतात ते त्याने काउंटरवरून पाहिलेलं असतं. गोष्ट कॉसमॉसचीच घ्या. परिस्थिती अशी: शनिवार दुपार, तीन वाजलेत, परगावच्या एटीएममधून आपल्या कार्डांवर पैसे निघताहेत असा फोन आलाय, खात्यांमध्ये मात्र सगळं जिथल्या तिथे दिसतंय. व्यवस्थापक गावाला गेलेत, फोन लागत नाही. पहिली फेरी कोणाची?

पहिल्यांदा सगळे एकमेकांकडे बघतील. मग कोणीतरी विचारेल की मुख्य कार्यालयाचा सुट्टीच्या दिवशी चालणारा नंबर कोणाकडे आहे. बहुतेक तो नंबर कोणाकडेच नसेल. तो शोधून भिंतीवर लावला तरी पहिल्या शनिवारचं काम झालं. दुसऱ्या शनिवारसाठी बायोडाटा जोडलेली मेल ठेवा, आणि ती उघडणाऱ्याची भूमिका शाखा व्यवस्थापकांनाच द्या.